मोफत ऐकणाऱ्या फोनचा खर्च कोण भागवतं? स्वयंसेवी हेल्पलाइनच्या पैशांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका छोट्या शहरातल्या भावनिक आधाराच्या हेल्पलाइनचा खजिनदार आहे. त्याआधी काही वर्षं स्वतः फोनवर बसत होतो. इतर गावांतून असं काम सुरू करू पाहणारी मंडळी भेटायला येतात. प्रशिक्षणाबद्दल, गोपनीयतेबद्दल त्यांनी बऱ्यापैकी विचार केलेला असतो, पण पैशांचा विषय निघाला की खोलीत शांतता पसरते. म्हणून नेहमी येणारे प्रश्न आणि आमची उत्तरं इथे लिहून ठेवतो आहे.

हे वाचताना तुम्हालाच कुणाशी बोलावंसं वाटत असेल, तर पैशांचं राहू द्या. १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर आहे. मानसिक आरोग्यासाठीची ही सरकारी सेवा चोवीस तास आणि मोफत चालते, मराठीतही बोलता येतं.

सगळे स्वयंसेवक असतील तर पैसे लागतात कशाला?

घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी माणसं आपल्याकडे मिळतात. पण भाकऱ्या भाजायला तवा, पीठ आणि सरपण लागतंच.

या कामाची सुरुवात आठवा. २ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनमधल्या एका चर्चमध्ये चॅड वाराह या धर्मगुरूंनी आत्महत्येचा विचार करणाऱ्यांसाठी फोन सुरू केला. पुढे तीच सॅमॅरिटन्स संस्था झाली. भेटायला येणाऱ्यांना थांबावं लागायचं, तेव्हा मदतीला आलेले साधे लोक त्यांना चहा द्यायचे आणि त्यांच्याशी बोलत बसायचे. थांबलेल्यांपैकी बरेच जण त्या बोलण्यानेच हलके होऊन परत जातात, हे वाराहांच्या लक्षात आलं. १९५४च्या फेब्रुवारीत त्यांनी ऐकण्याचं काम या स्वयंसेवकांच्या हाती सोपवलं. ही गोष्ट आम्ही प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो. मात्र खजिनदार म्हणून मला त्यातलं आणखी एक दिसतं. जागा, फोन आणि चहा यांची सोय आधीच झालेली होती, म्हणून त्या लोकांना निवांत बसून ऐकता आलं.

साधारण किती खर्च येतो?

आकडे गावागणिक बदलतात. तरी डोळ्यांसमोर काहीतरी हवं म्हणून एक नमुना हिशेब देतो. रोज दुपारी ४ ते रात्री १०, दोन लाइन, वर्षाचे ३६५ दिवस, असं धरू.

पूर्णवेळ समन्वयक, महिना २५,००० रुपये आणि दिवाळीचा एक जादा पगार: ३,२५,०००. अर्धवेळ हिशेबनीस: १,२०,०००. स्वयंसेवकांना मार्गदर्शन करणाऱ्या मानसतज्ज्ञाच्या महिन्यातून दोन बैठका: ७२,०००. जागा आणि वीज: १,८०,०००. फोन, कॉल वळवण्याची यंत्रणा, इंटरनेट: ७२,०००. वर्षातून दोन प्रशिक्षणं: ८०,०००. स्वयंसेवकांचा प्रवास आणि चहा-नाश्ता, १,४६० शिफ्टना प्रत्येकी ६० रुपये: ८७,६००. लेखापरीक्षण, विमा, शुल्क: ४०,०००. पोस्टर, पत्रकं, कॉलेजांमधले कार्यक्रम: ५०,०००.

बेरीज १०,२६,६०० रुपये. म्हणजे दिवसाला सुमारे २,८१३, आणि एका लाइनच्या एका तासाला सुमारे २३४. हा तासाचा आकडा पाठच करून ठेवा. देणगीदाराला दहा लाखांची कल्पना येत नाही, पण आपल्या पैशांतून कुणीतरी कुणाचं किती वेळ ऐकेल हे त्याला चटकन कळतं.

समन्वयकाचा पगार वाचवता येणार नाही का?

आम्हीही वाचवून पाहिला. दोन वर्षं सगळा डोलारा एका निवृत्त ताईंनी सांभाळला. त्या आजारी पडल्या आणि पंधरा दिवसांत शिफ्टचं वेळापत्रक कोलमडलं. फोनवर ऐकणं माणूस प्रेमाने करतो. पण कोण कधी येणार, कुणाचा फोन अवघड गेला, त्याच्याशी दुसऱ्या दिवशी कोण बोललं, ही रोजची उस्तवार एकाची जबाबदारी असावी आणि त्याला तिचा मोबदला मिळावा. काटकसर करायचीच तर जागेत करा. शाळा, वाचनालयं, मंडळांची कार्यालयं संध्याकाळी रिकामी असतात. तिथे स्वतंत्र दार आणि आवाज बाहेर न जाणारी खोली मिळाली की पुरे.

मग स्वयंसेवकांनाही मानधन का नको?

वरच्या हिशेबात वर्षाला ४,३८० तास ऐकणं आहे. तासाला २०० रुपये दिले तरी ८,७६,००० वाढतात, म्हणजे खर्च जवळजवळ दुप्पट. तरीही माझा नकार या रकमेमुळे नाही. फोन करणारा कधीकधी विचारतो, "तुम्हाला याचे पैसे मिळतात का?" त्यावर "नाही, मी स्वतःहून येतो" हे उत्तर ऐकून त्याचा आवाज बदलतो, हे मी कितीदा तरी अनुभवलं आहे. प्रवासखर्च मात्र जरूर द्या, आणि तो मागायला लावू नका. नाहीतर फक्त खात्यापित्या घरची माणसंच शिफ्टला येतील.

किती स्वयंसेवक हवेत, आणि त्याचा पैशांशी काय संबंध?

तीन तासांची शिफ्ट धरली तर वर्षाला १,४६० शिफ्ट होतात. आठवड्याला एक शिफ्ट करणारा माणूस सणवार, परीक्षा, आजारपण वगळता ४५ आठवडे येतो. म्हणजे कागदावर ३३ माणसं पुरतात, पण प्रत्यक्षात ४५ तरी लागतात.

आता संबंध सांगतो. वर्षात ८०,००० खर्चून २४ जण तयार केले, तर एकामागे ३,३३३ रुपये पडले. त्यातले बारा जण सहा महिन्यांत सोडून गेले तर ४०,००० गेले. अवघड फोननंतर स्वयंसेवकाशी कुणी बोललंच नाही, तर तो दमतो आणि न सांगता यायचा थांबतो. म्हणून मानसतज्ज्ञाच्या बैठकांचे ७२,००० रुपये कुणी चैनीत धरले की मला राग येतो.

फोन करणाऱ्याकडून नाममात्र शुल्क घेतलं तर?

नाही. दहा रुपयेही नाहीत. पैसे आले की ओळख आली, व्यवहाराची नोंद आली, घरच्यांच्या मोबाइलवर मेसेज आला. ज्याला कुणालाच कळू द्यायचं नाही, तो माणूस तिथेच गळतो. सॅमॅरिटन्सनेही ब्रिटनमध्ये २०१५ साली ११६ १२३ हा पूर्ण मोफत नंबर सुरू केला, म्हणजे कॉलचा खर्चसुद्धा आड येणार नाही. आपल्याकडे १८०० चा टोल-फ्री नंबर घेतलात, तर मिनिटांचा आकार संस्थेला भरावा लागतो. तो आधीच हिशेबात धरा.

फोन करणाऱ्याने आपणहून देणगी देऊ केली तर?

फोनवर स्वीकारायची नाही, आणि कुठे द्यायची हेही त्या फोनवर सांगायचं नाही. "तुम्ही बोललात, तेवढं पुरे आहे," असं आमचे स्वयंसेवक म्हणतात. त्याला नंतर द्यावंसं वाटलं तर संस्थेचं नाव त्याला ठाऊक असतंच. करसवलतीच्या पावतीसाठी देणगीदाराचं नाव आणि पॅन घ्यावा लागतो. म्हणून देणग्यांची वही आणि फोनच्या नोंदी कधीच एका माणसाच्या हाती, एका कपाटात किंवा एका संगणकावर ठेवू नका. मी खजिनदार झालो त्या दिवसापासून फोनवर बसणं सोडलं, ते याच कारणाने.

पैसा नक्की कुठून उभा करायचा?

अनेकांकडून, थोडा थोडा, आणि दर महिन्याला. ही आपल्या मातीतली जुनी रीत आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी घरोघरच्या बायका मूठभर धान्य बाजूला ठेवत. तोच मुष्टिफंड. देणाऱ्याला जड न जाणारी आणि न चुकणारी रक्कम, एवढंच त्यात होतं.

वरच्या हिशेबाला महिना ३०० रुपये देणारी २८६ माणसं पुरतात. ५०० देणारी असतील तर १७२. हा आकडा एका शहराच्या आवाक्यातला आहे. यूपीआयचं ऑटोपे किंवा बँकेचा स्थायी आदेश घ्या. दर महिन्याला आठवण करायची वेळ आली की ती वर्गणी दिवाळीपर्यंत आटते.

आमच्याकडे सगळ्यात चाललेली कल्पना 'वार' ही आहे. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. तसं एखादं कुटुंब वर्षातला एक दिवस घेतं आणि त्या दिवसाचे २,८१३ रुपये देतं. कुणी वडिलांच्या श्राद्धाचा दिवस घेतं, कुणी लग्नाचा वाढदिवस. त्या संध्याकाळी आम्ही त्यांना एकच ओळ पाठवतो: "आज फोन वेळेवर सुरू झाला." नूतनीकरण न करणारी घरं फार थोडी.

एखाद्या मोठ्या कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठी ठेवलेला निधी मिळाला तर ही सगळी धडपड कशाला?

मिळाला तर घ्या. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. सातव्या अनुसूचीत आरोग्यसेवा आहे आणि आपलं काम त्यात बसतं. संस्थेकडे प्राप्तिकराच्या १२-ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०-जी (देणगीदाराला करसवलत) या नोंदण्या, तीन वर्षांचं काम आणि सीएसआर-१, म्हणजे असा निधी घेण्यासाठीची सरकारी नोंदणी हवी. एक गैरसमज दूर करतो. प्रशासकीय खर्चाची ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाला आहे. तुमच्या समन्वयकाचा पगार तिच्या नावाखाली कुणी कापत असेल, तर नम्रपणे नियम दाखवा.

आता आमची चूक. एका कंपनीने तीन वर्षांचा निधी दिला आणि आम्ही हुरळून फोनची वेळ रात्री १० वरून २ पर्यंत वाढवली. रात्रीसाठी रखवालदार, घरी सोडायला गाडी, दुसरा समन्वयक, सगळं केलं. फोन येऊ लागले. तीन वर्षांनी कंपनीचं प्राधान्य बदलून पर्यावरणाकडे वळलं. त्यांनी करार मोडला नव्हता, मुदत संपली होती. आम्ही वेळ पुन्हा १० वर आणली, पत्रकं बदलली, ध्वनिमुद्रित संदेश लावला.

त्यानंतर कित्येक महिने यंत्राच्या नोंदीत रात्री ११, साडेअकरा, १२ च्या पुढचे न उचललेले कॉल दिसत राहिले. ते कोणाचे होते हे आम्हाला कधीच कळणार नाही. ती यादी मी अजून जपून ठेवली आहे.

तेव्हापासून आमचा नियम असा. फोनचे तास मासिक देणग्यांवर चालतात. सीएसआरचा पैसा एकदाच होणाऱ्या गोष्टींना जातो: नवी यंत्रणा, खोलीचं ध्वनिरोधन, प्रशिक्षणाचं साहित्य, तालुक्यांतल्या कॉलेजांचे कार्यक्रम. तास वाढवायचे असतील तर आधी मासिक देणगीदार वाढवायचे, सहा महिने वाट पाहायची, मग अर्धा तास वाढवायचा.

सरकारी अनुदान जास्त भरवशाचं नाही का?

त्यालाही मुदत असते. अमेरिकेत १६ जुलै २०२२ पासून आत्महत्येचा विचार किंवा मानसिक संकट असलेल्यांसाठी ९८८ हा तीन आकडी नंबर सुरू झाला. तिथल्या राज्यांना त्यासाठी फोनच्या बिलावर छोटा अधिभार लावण्याची मुभा आहे, आणि ती सोय मला फार शहाणपणाची वाटते. पण त्याच सेवेतला समलिंगी आणि पारलिंगी तरुणांसाठीचा वेगळा पर्याय १७ जुलै २०२५ रोजी केंद्र सरकारच्या निर्णयाने बंद झाला. कुठल्याही एका दात्याचा वाटा वर्षाच्या खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त होऊ देऊ नका, मग तो सरकार असो की गावातला सराफ.

अमेरिकेतला भाऊ, दुबईतली मावशी पैसे पाठवू शकतात का?

पासपोर्ट कोणता आहे ते आधी विचारा. भारतीय नागरिक परदेशात राहत असला आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देत असला, तर ती परकीय देणगी धरली जात नाही. पासपोर्टची प्रत घेऊन ठेवा. पण तोच भाऊ अमेरिकेचा नागरिक झाला असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असूनही ती परकीय देणगी होते. तिथल्या मराठी मंडळाने संस्था म्हणून दिलेली रक्कमही परकीयच.

परकीय देणगीसाठी एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी नियमन कायद्याखालची नोंदणी लागते. त्यासाठी संस्था किमान तीन वर्षांची आणि मागच्या तीन वर्षांत कामावर १५ लाख रुपये खर्च केलेली हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो, आणि त्यातला प्रशासकीय खर्च २० टक्क्यांवर जाता कामा नये. लहान संस्थेने या फंदात पडू नये असं माझं मत आहे. प्रेमाने आलेले शंभर डॉलर चुकीच्या खात्यात पडले तर पुढची दोन वर्षं त्याचीच उत्तरं देत बसाल.

८०-जी नसेल तर लोक देतील का?

लहान रकमा देतील. मोठ्यांसाठी नोंदणी हवीच. देणगीदाराला स्पष्ट सांगा की २,००० रुपयांच्या वर रोख दिलं तर सवलत मिळत नाही, आणि त्याने नवी करप्रणाली निवडली असेल तर ही सवलत मुळातच नाही. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू असल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत. लोक बोलताना ८०-जीच म्हणतात. पावतीवर काय छापायचं ते सीएंना विचारून ठरवा.

दानपेटीतली निनावी रक्कम जपून धरा. एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांतला जो आकडा मोठा असेल त्याच्या वरच्या निनावी देणगीवर ३० टक्के कर बसतो.

गंगाजळी किती असावी? धर्मादाय संस्थेने पैसे साठवलेले चालतात का?

चालतात, मर्यादेत. वर्षाच्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग त्या वर्षी कामावर खर्च करायचा, १५ टक्के राखता येतात. आमचं लक्ष्य सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे नमुना हिशेबात ५,१३,३००. वर्षाला १२ लाख जमले आणि १०,२६,६०० खर्च झाले तर १,७३,४०० उरतात. तीन वर्षांत गंगाजळी तयार. देणगीदाराने 'कायम निधीसाठी' असं लेखी दिलं तर ती रक्कम वेगळी धरता येते. ते पत्र देणगीसोबतच घ्या. पैसा राष्ट्रीयीकृत बँकेच्या मुदत ठेवीत ठेवा. जास्त व्याजाच्या मोहाने विश्वस्तांच्या ओळखीच्या पतसंस्थेत ठेवू नका.

सशुल्क समुपदेशन सुरू करून त्यावर मोफत फोन चालवला तर?

अमेरिकेतल्या सेव्हन कप्स या ऑनलाइन भावनिक आधार देणाऱ्या सेवेने साधारण असंच केलं आहे: स्वयंसेवक मोफत ऐकतात, तज्ज्ञांकडचे उपचार पैसे देऊन मिळतात. करता येतं, पण मोफत फोनवरून सशुल्क खोलीकडे माणूस ढकलला जाऊ लागला की ऐकणाऱ्याच्या मनात नकळत गिऱ्हाईक शिरतं. आम्ही कॉलेजं आणि कार्यालयांत 'ऐकावं कसं' याच्या कार्यशाळा घेतो आणि त्यांचं शुल्क लावतो. वर्षाचा दहावा हिस्सा तिथून येतो आणि फोनला धक्का लागत नाही.

एक वाट मात्र कायमची बंद ठेवा. क्रायसिस टेक्स्ट लाइन या मेसेजवरून आधार देणाऱ्या अमेरिकी संस्थेने लोकांच्या संभाषणांचा नावं काढलेला डेटा स्वतःतूनच निघालेल्या लोरिस या व्यापारी कंपनीला दिला होता. जानेवारी २०२२ मध्ये हे वृत्तपत्रांत आलं, गदारोळ झाला आणि त्यांना ते थांबवावं लागलं. नावं काढली होती, हे खरं. पण मध्यरात्री कुणी जे सांगतो ते विकायला सांगत नाही.

कुणाकडून पैसे घेऊ नयेत?

दारू, तंबाखू, ऑनलाइन जुगार आणि झटपट कर्ज देणारी ॲप्स. त्यांच्या पायी उद्ध्वस्त झालेली माणसंच आपल्याला फोन करतात. निवडणुकीच्या वर्षात उमेदवारांकडूनही नको. हे विश्वस्तांच्या ठरावात लिहून ठेवा, म्हणजे ऐनवेळी भिडेखातर 'हो' म्हटलं जाणार नाही.

टेलि-मानस असताना आणखी एक फोन कशाला, असं देणगीदार विचारतात.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ माणसं आत्महत्येने गेली. त्यांतली २२,७४६ महाराष्ट्रातली, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. इतक्या दुःखाला एक दार पुरेल असं कुणी म्हणू नये. टेलि-मानसवर प्रशिक्षित पगारी समुपदेशक आहेत आणि पुढे उपचारांपर्यंत नेण्याची सोय आहे. आम्ही स्वतः अनेकांना तो नंबर देतो. आमच्याकडे गावातलंच कुणीतरी, घाई न करता, सल्ला न देता ऐकतं.

"किती जीव वाचवले?" याचं उत्तर अहवालात काय लिहायचं?

काहीही लिहू नका. आपल्याला ते कळत नाही, आणि आकडा बनवला तर तो खोटा असेल. किती तास फोन सुरू होता, किती फोन उचलले, किती उचलता आले नाहीत, किती स्वयंसेवक वर्षभर टिकले, हे द्या. न उचललेल्यांचा आकडा लपवू नका. आमच्या अनुभवात दाते तोच पाहून तिसऱ्या लाइनसाठी पुढे आले. फोन करणाऱ्याची कहाणी, नाव बदलूनही, कधीच छापायची नाही. लहान गावात गल्ली आणि धंदा सांगितला तरी माणूस ओळखू येतो.

आणि बंद करायची वेळ आलीच तर?

त्याची तयारी चालू असतानाच करा. गंगाजळी तीन महिन्यांच्या खर्चाखाली गेली की विश्वस्तांची बैठक, असा ठराव असू द्या, कारण सर्व सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. तास कमी करायचे तर आठ आठवडे आधी स्वयंसेवकांना सांगा. फोन करणाऱ्यांना संदेशातून कळू द्या. उरलेली रक्कम न्यासपत्राप्रमाणे आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयाच्या परवानगीने असंच काम करणाऱ्या संस्थेकडे जाईल, हे पाहा. आणि नंबर लगेच परत करू नका. वर्षभर तो चालू ठेवण्याइतके पैसे बाजूला काढा, ओळखीच्या आवाजात मराठीतून १४४१६ हा नंबर सावकाश, दोनदा सांगणारा संदेश त्यावर लावा, आणि तो रात्रीही लागतो आहे ना, हे मधूनमधून स्वतः फोन करून बघा.